आठवड्याची आखणी आणि शनिवारचा ताळा

रविवारची सुटी आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी तरी झगडून मिळविली ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत आणि त्यांस आठवड्याची अशी ठरलेली सुटी नसे. १८४८ साली ठाणे येथे जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ‘बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन’ ही कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सरकारी कचेऱ्यांना रविवार त्यापूर्वीही मोकळा होता. परंतु हातांनी काम करणाऱ्या माणसाच्या आठवड्याला शेवट असा मिळाला तो तेव्हापासून.

शेवट असल्यावाचून हिशेब होत नाही. ज्या कामाला थांबण्याची जागा नाही, त्या कामात काय साधले व काय निसटले हे पाहावयास सवड मिळत नाही. प्राथमिक शिक्षकाच्या आठवड्याला अशी थांबण्याची जागा आहे. ती म्हणजे शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरची वेळ. तिचा उपयोग कसा करावा, आणि त्या उपयोगातून पुढील आठवड्याची आखणी कशी निघते, हा या लेखाचा विषय आहे.

शिक्षकांजवळ नियोजनाचे कागद कमी नाहीत. वार्षिक नियोजन आहे, मासिक नियोजन आहे, घटक नियोजन आहे, वेळापत्रक भिंतीवर आहे आणि पाठटाचण वहीत आहे. तथापि वार्षिक नियोजन जून महिन्यात होते आणि बहुधा जूनमध्येच राहते. टाचणात आज काय शिकवावयाचे ते असते. काय शिकले गेले ते नसते. वर्ष हे माप फार मोठे, दिवस हे फार लहान. एक दिवस पावसाने बुडाला तर मनाला रुखरुख लागते, पण त्याची भरपाई उद्याच्याच दिवसात करता येत नाही. आणि वर्ष बुडाल्याचे कळते तेव्हा एप्रिल उजाडलेला असतो. चूक दिसावी आणि ती हाताशी असतानाच दुरुस्त व्हावी, याला आठवडा हेच योग्य माप होय.

प्रथम वेळेचा अदमास घ्यावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाकाठी किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन-तास, तसेच सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास सांगितले आहेत. २०० दिवस म्हणजे सहा दिवसांचे तेहेतीस-चौतीस आठवडे. शिक्षकाच्या आठवड्याचे माप त्याच परिशिष्टात ४५ तास असे दिले आहे, आणि त्यात पूर्वतयारीचे तासही धरले आहेत. हा शेवटचा शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतो. वर्गात सुमारे तीस तास जात असतील तर उरलेले पंधरा तास हे तयारीचे, वह्या पाहण्याचे व विचार करण्याचे होत. आखणी म्हणजे घरच्या वेळेतून काढलेला परोपकार नव्हे; ते कामाचेच एक अंग आहे.

आता हे पंधरा तास ठाणे जिल्ह्यातील शिक्षकाला कोठे सापडतात, हा प्रश्न आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून या भागाचा दिनक्रम गाडीच्या वेळेला बांधला गेला आहे. आज अनेक शिक्षक-शिक्षिका डोंबिवलीस किंवा कल्याणास राहतात आणि शहापूर वा मुरबाड तालुक्यातील शाळेत जातात. कोणी कसारा गाडीने वाशिंद, आसनगाव, आटगाव अथवा खर्डी गाठतो व तेथून एस. टी. वा जीप पकडतो. मुरबाडला तर रेल्वेच नाही, तेथे सारा भरवसा रस्त्यावर. जाण्यास दोन तास व येण्यास दोन तास लागत असतील, तर सहा दिवसांचे चोवीस तास होतात. आठवड्यातील एक अखंड दिवसरात्र प्रवासातच जाते. गावातच राहणारा जुन्या काळचा शिक्षक संध्याकाळी ओट्यावर बसून मुलांच्या वह्या पाहत असे; त्या काळाची आठवण काढून आजच्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीत उभ्याने आखणी होत नाही, आणि दमून घरी पोहोचल्यावर रात्री दहा वाजता जी होते ती आखणी नसून केवळ टाचणाची नक्कल असते. यास्तव आखणीचा तास शाळेतच, शाळेच्या वेळेला लागूनच काढला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, येथले आठवडे एकसारखे नाहीत. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, पहिला पंधरवडा प्रवेश, पुस्तके व गणवेश यांत जातो. जुलैत भाताची आवणी असते. पाचवीतलीच नव्हे, तर तिसरीतली मुलेही धाकट्या भावंडाला सांभाळावयास घरी राहतात, कारण आईबाप चिखलात उभे असतात. त्याच दिवसांत उल्हास नदी फुगते, कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल पाण्याखाली जातो आणि शिक्षक या काठाला, शाळा त्या काठाला अशी स्थिती होते. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तेही स्मरणात आहे. भाद्रपदात गणपती येतात. आश्विन-कार्तिकात कापणी. दिवाळीनंतर कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, तेव्हा मुरबाड तालुक्यातील कितीतरी वर्ग ओस पडतात. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचावयास पहाटेच जावे लागते. हे सारे दरवर्षी होते आणि तरीही दरवर्षी अचानक झाल्यासारखे टाचणात खाडाखोड करावी लागते. जे ठाऊक आहे ते आखणीत आधीच धरले पाहिजे. यात्रेच्या आठवड्यात नवा घटक घेऊ नये, आवणीच्या आठवड्यात भागाकार सुरू करू नये. इतके साधे शहाणपण पंचांग जवळ ठेवल्याने येते.

प्रत्यक्ष आखणीकडे वळू. येथे दुहेरी वर्ग सांभाळणारा शिक्षक डोळ्यांपुढे ठेविला आहे, कारण साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस कायद्याने दोन शिक्षक मिळतात आणि जिल्ह्याच्या डोंगराळ भागात अशा शाळा पुष्कळ आहेत. एक जण पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी. कोठे पाचवीही त्यालाच जोडलेली असते. शहरातील शाळेत एका वर्गाला एक शिक्षक असतो, म्हणून तेथील वेळापत्रक जसेच्या तसे आणून येथे टांगले तर ते भिंतीची शोभा होऊन राहते.

अशा शिक्षकाने आठवड्याचे सहा दिवस भरावयास घेताना सहाही दिवस भरू नयेत. हे विचित्र वाटेल, पण अनुभव असाच आहे की आखलेल्या सहा दिवसांपैकी एखादा दिवस काही ना काही कारणाने जातोच. केंद्रावर बैठक निघते, लसीकरणाचे पथक येते, गाडी रखडते, गावात मयत होते. पूर्ण भरलेल्या आखणीतून एक दिवस गळला की उरलेल्या पाचांची घडी विसकटते आणि मग शिक्षक आखणीच सोडून देतो. म्हणून साडेचार दिवसांचे काम लिहावे आणि शुक्रवारचा उत्तरार्ध व शनिवारची सकाळ मोकळी ठेवावी. दिवस गळला नाहीच, तर ही मोकळी वेळ मागे राहिलेल्या मुलांची. गळला तर तेथे ते काम सरकवावे. भाताच्या खाचरालाही जादा पाणी जावयास बांधात वाट ठेवावी लागते.

आखणीत कामाचे नाव लिहिण्याऐवजी मुलाला काय आले पाहिजे ते लिहावे. ‘वजाबाकी, पृष्ठे अमुक ते तमुक’ असे लिहिल्याने पृष्ठे उलटली जातात. ‘तिसरीच्या मुलांना तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी पाटीवर स्वतः करता यावी’ असे लिहिले तर शुक्रवारी ते खरे झाले की नाही हे पाहता येते. दर वर्गास दर विषयात असे एकच वाक्य पुरे. दोन वर्गांचे मिळून सात-आठ वाक्ये होतात. ती अर्ध्या पानावर मावतात. शिवाय कोणत्या वेळी कोणता वर्ग शिक्षकाजवळ बसेल व कोणता स्वतः काम करील, एवढे ठरवावे. दुहेरी वर्गाचे घोडे अडते ते येथेच. शिकविण्याची तयारी असते, पण त्याच वेळी दुसऱ्या वर्गाने काय करावयाचे याची नसते. मग त्यांस ‘धडा उतरून काढा’ असे सांगितले जाते आणि मुले आठवडाभर धडेच उतरतात.

काही कामे अशी आहेत की ती हिशेबाशिवाय होतच नाहीत. प्रत्येक मुलाचे वाचन आठवड्यातून एकदा तरी एकट्याचे ऐकावे, असे सर्वांनाच वाटते. बावीस मुले असतील व प्रत्येकाला तीन मिनिटे दिली, तर सहासष्ट मिनिटे लागतात. एका बैठकीत ती कधीच मिळणार नाहीत. परंतु रोज चार मुले घेतली तर बारा मिनिटांत काम होते आणि शनिवारी दोनच उरतात. परिपाठानंतर अथवा दुपारच्या आहाराची पंगत बसण्यापूर्वी ही बारा मिनिटे सापडतात. मात्र त्या चार मुलांची नावे वारानुसार आधी लिहिलेली असावीत. नावे लिहिली नाहीत तर जी मुले पुढे बसतात, ज्यांना वाचता येते व वाचून दाखविण्याची हौस असते, तीच पुन्हा पुन्हा वाचतात. भिंतीला टेकून बसणारी मुलगी दोन-दोन महिने कोणी ऐकलेली नसते, आणि यात शिक्षकाची दुष्टबुद्धी मुळीच नसते.

आता ताळा. हा शब्द मुद्दाम वापरला आहे. गणितात उत्तर आले म्हणजे काम संपत नाही. उलट क्रिया करून ते पडताळावे लागते, आणि हे शिक्षक मुलांना रोज सांगतो. स्वतःच्या आठवड्याला मात्र तो ताळा क्वचित लावतो.

एक उदाहरण घेऊ. जुलैच्या उत्तरार्धातील आठवडा आहे. तिसरीत बारा व चौथीत दहा मुले आहेत. तिसरीसाठी वर सांगितलेले वजाबाकीचे वाक्य लिहिलेले आहे. सोमवारी पाऊस झोडपत होता, बावीसपैकी सात मुले आली. मंगळवारी गाडी रखडल्याने शिक्षक दुपारी पोहोचले; तोवर दुसऱ्या शिक्षिकेने चारही वर्ग एकत्र बसवून गाणी व गोष्ट घेतली. बुधवारी पूर्ण शाळा झाली. गुरुवारी केंद्रावर बैठक. शुक्रवारी पुन्हा पूर्ण शाळा. टाचणवही पाहिली तर तीत पाच दिवसांचे पाच पाठ व्यवस्थित लिहिलेले आहेत, आणि त्यांत एक अक्षरही खोटे नाही. ते पाठ घ्यावयाचे होते हे खरेच होते.

शुक्रवारी दुपारी शिक्षकाने तिसरीला पाटीवर तीन उदाहरणे घातली. दहा मुले हजर होती. पाच जणांची तिन्ही बरोबर आली. तिघांना ५०२ मधून १३७ वजा करता आले नाहीत, कारण दशकाच्या घरी शून्य आहे आणि शून्याकडून उसना कसा आणावयाचा हे त्यांना कळत नव्हते. दोघांनी ४२ वजा १७ यांचे उत्तर ३५ लिहिले. ‘पाचांना आले, पाचांना आले नाही’ एवढीच नोंद करून हा ताळा थांबला असता तर त्याचा उपयोग निम्माच झाला असता. ३५ हे उत्तर निष्काळजीपणाचे नव्हे. त्या मुलांनी एककात सातातून दोन काढले आणि दशकात चारातून एक. म्हणजे मोठ्यातून लहान वजा करावयाचे असा एक नियमच त्यांनी मनाशी बसविला आहे आणि तो ती प्रामाणिकपणे पाळीत आहेत. त्यांना आणखी वीस उदाहरणे घातली तर वीसही त्याच नियमाने चुकतील. त्यांस काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हाती देऊन, गठ्ठा सोडल्यावाचून दोन काड्यांतून सात काढता येत नाहीत हे पाहू दिले पाहिजे. शून्याशी अडलेल्या तिघांचे दुखणे निराळे. त्यांना शंभराची नोट मोडून दहाच्या नोटा व त्यांतील एक मोडून सुटी नाणी, असा बाजाराचा व्यवहार करावयास लावला म्हणजे ५०२ उलगडते आणि ३६५ हे उत्तर हाताने मोजून येते. ज्यांना येते त्या पाचांना पुन्हा तीच क्रिया करावयास लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी गावातल्या गोष्टींवरून, गोण्या, टोपल्या, एस. टी.चे भाडे यांवरून, शाब्दिक उदाहरणे स्वतः तयार करावीत.

आणि दोन मुले गैरहजर होती. त्यांचा विचार ताळ्यात सर्वांत शेवटी येतो आणि बहुधा येतच नाही, कारण जो समोर नाही तो चुकताना दिसत नाही. हजेरीपत्रक उघडले तेव्हा दिसले की, यांतील एक मुलगा सोमवारपासून एकही दिवस आला नव्हता. दुसरी मुलगी केवळ बुधवारी आली होती. विचारले तेव्हा कळले की मुलगा आवणीला मामाच्या गावी गेला आहे, आणि मुलीची आई आजारी आहे. पहिल्याचे काम तो परतेल तेव्हा. दुसरीच्या घरी मात्र शनिवारी शाळा सुटल्यावर जाऊन यावे लागेल.

पुढील आठवड्याची आखणी येथेच अर्धी झाली. कोणाला काड्या, कोणाला नोटा, कोणाला शाब्दिक उदाहरणे हे ठरले. चौथीची मुले आपली पाच वाक्ये लिहीत असताना वीस-वीस मिनिटे तीन दिवस काढली की हे काम होते. पुस्तक सोमवारी जेथे थांबले होते तेथेच राहिले तरी चालेल. जी आखणी ताळ्यातून निघत नाही ती कोऱ्या कागदावरची इच्छा असते. सोमवारी सकाळी बसून नव्या उमेदीने लिहिलेली आखणी फार सुंदर दिसते, आणि येरे माझ्या मागल्या म्हणत तेच तेच उरलेले काम दर सोमवारी पुढे ढकलले जाते.

हा ताळा शनिवारीच व शाळेतच का करावा, असे कोणी विचारील. शनिवारी दुपारची गाडी गाठण्याची घाई असते हे खरे आहे. परंतु पाट्या, वह्या व हजेरीपत्रक शाळेत असतात आणि मुलांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे असतात. रविवारी घरी बसून केलेल्या ताळ्यात ‘बऱ्याच मुलांना समजले’ यापलीकडे काही आठवत नाही. शिवाय रविवार विसाव्याचा आहे, आणि तो कसा मिळाला हे आरंभी सांगितलेच आहे. एक तास नाही तर पाऊण तास, एक गाडी सोडावी. दोन शिक्षकी शाळेत दोघांनी मिळून बसावे हे अधिक चांगले. पहिली-दुसरीच्या बाईंना तिसरीतील त्या दोघांची गठ्ठ्याची अडचण ऐकताच उमगते की, ती दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात राहून गेली होती. हे बोलणे सलोख्याने व्हावे. ‘तुमच्या वर्गातून कच्ची आली’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की पुढचे सहा महिने दोन खुर्च्यांची तोंडे दोन दिशांना असतात.

वही कशी असावी? साधी, शंभर पानी, छापील रकान्यांवाचून. डाव्या पानावर सोमवारी करावयाचे, उजव्या पानावर शनिवारी आढळलेले. उजव्या पानावर मुलांची नावे आली पाहिजेत. ज्या शनिवारी तेथे एकही नाव नाही, त्या शनिवारी ताळा झालेला नाही असे समजावे. ही वही तपासणीसाठी नसावी. केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनी शाळेत आल्यावर तिच्याविषयी अवश्य बोलावे, पण ती मागवू नये आणि तिचा नमुना तर मुळीच काढू नये. ज्या दिवशी ती ‘सादर करावयाची’ वही होईल, त्या दिवसापासून तिच्यात ३५ हे चुकीचे उत्तर दिसणार नाही.

वर्गाबाहेर गेलेला वेळ हाही ताळ्याचा विषय आहे. पोषण आहाराच्या नोंदी, तातडीने मागविलेली माहिती, बँकेची कामे यांत किती तास गेले ते उजव्या पानाच्या तळाशी एका ओळीत लिहावे. शिक्षकांना अशैक्षणिक कामे फार, ही तक्रार जुनी व बव्हंशी खरी आहे. उपरोक्त कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाला गुंतविण्यास मनाई केली आहे. परंतु ‘फार वेळ जातो’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘गेल्या दहा आठवड्यांत अमुक तास गेले, व त्यांतील इतके एकच माहिती तीनदा मागविल्याने गेले’ असे शिक्षण परिषदेत उभे राहून सांगता आले, तर ऐकणाऱ्याला त्यावर काही करता येते. कधी कधी असेही आढळते की, वेळ कचेरीने नेला नव्हता; शाळा भरण्याची घंटा व पहिला पाठ यांच्यामध्ये रोज अर्धा तास आपोआपच सांडत होता. वहीने तेही दाखवावे.

आतापर्यंत जे सांगितले ते सर्व मुलांविषयी होते. परंतु या जिल्ह्यात काही मुले अशी आहेत की त्यांच्याकरिता आठवडे मोजावेच लागतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातील मूल जूनमध्ये येते आणि दिवाळीनंतर जाते. जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत साधारण अठरा आठवडे होतात. त्यांतून पहिला पंधरवडा प्रवेशाचा, गणपतीचा एक आठवडा आणि पावसाने बुडालेले दिवस वजा केले, तर चौदा वा पंधरा आठवडे हाती राहतात. वर्गातल्या इतर मुलांना तेहेतीस आठवडे आहेत, याला पंधरा. वार्षिक नियोजनातील जे घटक नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत लिहिलेले आहेत, ते या मुलाच्या वाट्याला येणारच नाहीत. म्हणून जुलैच्या पहिल्याच शनिवारी, मागील वर्षी कोण कोण भट्टीवर गेले होते त्यांची नावे वहीत काढावी आणि प्रत्येकाची आखणी दिवाळीपासून उलट मोजत यावी. जावयाच्या आधी याला जोडशब्दांसह वाचता आले पाहिजे, तर दसऱ्यापर्यंत काना-मात्रा-वेलांटी पक्की हवी, तर गणपतीपूर्वी अक्षरे. मग ‘पुढे बघू’ हा शब्द या मुलाच्या बाबतीत तोंडात येत नाही, कारण त्याला ‘पुढे’ नाही.

मुलाच्या जगण्याच्या वेळेला शाळेची वेळ जुळवून घेणे ही या भूमीत नवी गोष्ट नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तेथे शिक्षक गेला. पुढे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुराने उभी केलेली झोपडी. एकट्या दुकट्या शिक्षकाला भट्टीवर जाऊन शाळा काढता येणार नाही, हे उघड आहे. परंतु मूल निघण्यापूर्वी त्याच्याबरोबर काय द्यावे हे त्याच्या हाती आहे.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्था आहे, म्हणजे ज्या गावी कुटुंब जाईल तेथील शाळेत त्यास बसता यावे. त्या कार्डावर नाव व इयत्ता यांच्यापलीकडे जे लिहिले जाते ते पुष्कळदा इतके मोघम असते की, भिवंडी वा कल्याण तालुक्यातील त्या शाळेच्या शिक्षकाला त्यातून काही कळत नाही. मूल शेवटच्या रांगेत बसते व आठ दिवसांत येईनासे होते. शनिवारची वही पंधरा आठवडे लिहिलेली असेल, तर कार्ड भरताना तिची उजवी पाने उघडावीत. ‘जोडशब्द सोडून वाचतो. दोन अंकी वजाबाकी येते, हातच्याची काड्यांनी करतो, पाटीवर अडतो. लिहिताना रस्व-दीर्घाकडे सध्या लक्ष देऊ नये. गोष्ट सांगावयास सांगितले की खुलतो.’ एवढ्या चार ओळी कार्डाला जोडलेल्या कागदावर लिहून द्याव्यात आणि त्यांची नक्कल वहीत ठेवावी. भट्ट्या पावसाच्या तोंडावर बंद होतात. जूनमध्ये ते मूल पुन्हा दारात उभे राहील तेव्हा त्याचे ते पान काढावे आणि पहिल्या सोमवारची त्याची आखणी तेथून लिहावयास घ्यावी.